बरं वाटतंय, पण आत?

आतड्याचा जुनाट आजार आहे असं चार लोकांना कळलं की औषधांच्या आधी सल्ले यायला लागतात. गव्हांकुराचा रस घे, कोरफडीचा गर घे, प्रोबायोटिक सुरू कर, अ‍ॅक्युपंक्चर करून बघितलंस का, माझ्या मैत्रिणीच्या दिराचं तर मुळापासून गेलं, आणि सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे टेन्शन घेऊ नकोस. दिवसातून दहा वेळा रक्त पडत संडासला पळणाऱ्या माणसाला टेन्शन घेऊ नकोस म्हणणं हा एक वेगळाच विनोद आहे, पण ते असो. मला आता या सल्ल्यांचा राग येत नाही, कारण देणारा जीव तोडून देत असतो, आणि खरं सांगायचं तर फ्लेअर, म्हणजे आजार उसळलेला, चालू असताना आपणही मध्यरात्री मोबाइलवर हेच शोधत बसलेलो असतो.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, बरीच वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, वाचायची खोड आहे एवढंच. त्यामुळे हे सगळं एका पेशंटने दुसऱ्या पेशंटसाठी लिहिलंय असं समजून वाचा, आणि यातलं काही वाचून कुठली गोळी परस्पर बंद करू नका, सुरूही करू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आयबीडी म्हणजे आतड्याला सतत सूज असण्याचा आजार, त्यात मुख्य दोन प्रकार. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात असतो, आतल्या अस्तराला व्रण होतात, आव आणि रक्त पडतं. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोल जातो. कोलायटिसला हे नाव १८५९ मध्ये लंडनच्या सॅम्युअल विल्क्सने दिलं, आणि क्रोन्सचं सविस्तर वर्णन १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी केलं (नाव एकट्या क्रोनचं झालं, बाकीचे दोघं बिचारे राहिले). आयबीएस हा वेगळा आजार, त्यात आतड्याला अशी सूज आणि व्रण नसतात. लोक दोन्हीत हमखास गोंधळ करतात आणि मग आयबीएसवाल्याचा रामबाण उपाय आयबीडीवाल्याच्या गळ्यात पडतो.

आता माझ्या डोक्यात जे बरेच दिवस घोळतंय ते. हा आजार सरळ रेषेत चालत नाही, तो चढतो, उतरतो, कधी कधी काहीच न करता कित्येक महिने शांत बसतो. आणि माणूस नवा उपाय कधी करतो? अगदी टेकीला आल्यावर, म्हणजे आजार सगळ्यात वर चढलेला असताना. तिथून तो पुष्कळदा आपोआपच थोडा खाली येणार असतो आणि त्याच वेळी आपण जे काही हातात धरलेलं असतं त्याला सगळं श्रेय जातं. पावसाची सर ओसरायच्या वेळेला छत्री उघडायची आणि छत्रीने पाऊस थांबवला म्हणायचं, तसं. कोलायटिसच्या ट्रायल्समध्ये प्लासिबो, म्हणजे काहीही औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही साधारण एक तृतीयांश लोकांना फरक पडलेला दिसतो. एक तृतीयांश! म्हणजे निव्वळ साखरेच्या गोळीचं दुकान टाकलं तरी तिसरा प्रत्येक माणूस शपथेवर सांगेल की मला गुण आला, आणि तो खोटं बोलत नसेल.

म्हणून कसं वाटतंय आणि आत काय चाललंय हे दोन प्रश्न मी वेगळे ठेवायला लागले. आतड्याची सूज मोजता येते. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं आतून बघणं) तर आहेच, पण शौचाच्या नमुन्यात कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रोटीन मोजतात, पांढऱ्या पेशी सुजलेल्या आतड्यात येतात तेव्हा ते वाढतं. साधारण ५० च्या खाली असेल तर ठीक, २५०च्या वर गेलं तर आत काहीतरी पेटलंय असं समजतात. त्या टेस्टसाठी एक छोटी बाटली मिळते, तिच्या झाकणालाच आतून एक चिमुकला चमचा चिकटलेला असतो, आणि सकाळी सकाळी त्या चमच्याने करायचं काम कुणालाच आवडत नाही, पण माझ्या मते सगळ्या पर्यायी उपचारांचा खरा परीक्षक तो चमचा आहे. कारण कितीतरी वेळा माणसाला छान वाटत असतं आणि रिपोर्ट ६०० येतो. उलटंही होतं, पोटात कळा, गॅस, वैताग, आणि रिपोर्ट एकदम स्वच्छ.

या चाळणीतून एकेक उपाय काढला की मजा येते. सुरुवात कर्क्युमिनपासून, कारण हळदीतलं हे द्रव्य सगळ्यात जास्त बोललं जातं, आणि खरं सांगू का, त्याच्याबद्दलचे अभ्यास बरेच चांगले आहेत. २००६ मध्ये जपानमध्ये एक ट्रायल झाली, कोलायटिस शांत असलेले ८९ पेशंट, सगळ्यांची नेहमीची औषधं चालू आणि निम्म्यांना वरून रोज २ ग्रॅम कर्क्युमिन. सहा महिन्यांत कर्क्युमिन गटात सुमारे ५ टक्के लोकांना फ्लेअर आला, प्लासिबो गटात सुमारे २० टक्के. मग २०१५ मध्ये आणखी एक, यात आजार चालू असलेले ५० पेशंट, मेसालामिन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाच्या जोडीला रोज ३ ग्रॅम, महिनाभर. कर्क्युमिनवाल्या २६ पैकी १४ जणांना रेमिशन, म्हणजे आजार शांत, प्लासिबोवाल्या २४ पैकी एकालाही नाही. त्यात दुर्बिणीतूनही फरक दिसला, म्हणजे नुसतं वाटणं नव्हतं. हे वाचून मी अक्षरशः खुर्चीत ताठ बसले होते.

पण पुढे वाचत गेलं की पाय जमिनीवर येतात. दिल्लीच्या एम्समध्ये रोज ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, प्लासिबोपेक्षा काही वेगळं नाही. म्हणजे डोस महत्त्वाचा. क्रोन्सच्या ऑपरेशननंतर आजार परत येऊ नये म्हणून ३ ग्रॅम देऊन पाहिलं, तिथेही उपयोग नाही. म्हणजे आजाराचा प्रकारही महत्त्वाचा. आणि जिथे गुण आला तिथे तो नेहमीच्या औषधाच्या जोडीने आला, औषध सोडून नाही, हे तर सांगणारे नेहमी गाळतात. शिवाय स्वयंपाकातल्या हळदीत कर्क्युमिन वजनाच्या जेमतेम काही टक्केच असतं, त्यामुळे चमचाभर हळद आणि ३ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन यांची तुलनाच होत नाही.

मी डॉक्टरांना विचारून कर्क्युमिन घेतलं काही महिने. एकदा एक कॅप्सूल डबीतच फुटली, तर बोटं, डबीचं झाकण, टेबलाचा कोपरा सगळं पिवळंधम्मक, दोन दिवस जाईना. मला फायदा झाला का? मला सांगता येणार नाही, कारण त्याच काळात मेसालामिनचा डोसही वाढवला होता. हेच तर दुखणं आहे स्वतःवरच्या प्रयोगांचं. एका माणसावर दोन गोष्टी एकदम बदलल्या की तिसऱ्याला काही कळत नाही, आणि फ्लेअरमध्ये एकेक गोष्ट शांतपणे बदलून बघायचा धीर कुणाला असतो?

आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे डोक्यातून काढायला हवं. अमेरिकेत औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणारं एक नेटवर्क आहे, त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृत बिघडलेल्या १० केसेस मांडल्या, एक जण दगावलाही. त्यातल्या काही गोळ्यांमध्ये मिरीतलं पायपेरीन होतं. ते कर्क्युमिन जास्त शोषलं जावं म्हणून घालतात, आणि जाहिरातीत तीच मोठी खासियत म्हणून सांगतात.

जपान आणि चीनमधलं चिंग दाई म्हणजे निळीच्या झाडापासून केलेली भुकटी, तिची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१८ मध्ये जपानी ट्रायल छापून आली, ८६ पेशंट, कोलायटिसमध्ये प्लासिबोपेक्षा स्पष्ट फायदा. पण ती ट्रायल मध्येच थांबवावी लागली, कारण बाहेर स्वतःच्या मनाने ही भुकटी घेणाऱ्या एकाच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधलं प्रेशर वाढल्याचं समोर आलं. ज्यात खरंच ताकद असते ना, त्यात अपाय करायचीही ताकद असते.

मासळीच्या तेलाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. १९९६ मध्ये इटलीत क्रोन्सच्या ७८ पेशंटवर अभ्यास झाला, वर्षभरात फिश ऑइलवाल्यांपैकी २८ टक्क्यांचा आजार उलटला आणि प्लासिबोवाल्यांपैकी ६९ टक्क्यांचा. एवढा फरक! सगळीकडे गाजावाजा. मग २००८ मध्ये दोन मोठ्या ट्रायल्सचे निकाल आले, शेकडो पेशंट, मासळीच्या तेलातलं ओमेगा-३ विरुद्ध प्लासिबो, आणि फरक जवळजवळ शून्य. लहान अभ्यास आशा दाखवतो, मोठा अभ्यास ती काढून घेतो, हे या क्षेत्रात इतक्यांदा झालंय की आता मी ३०-४० पेशंटांचा आकडा दिसला की मनातल्या मनात कंसात टाकते. काळमेघाच्या अर्काचंही तेच झालं, मधल्या टप्प्यावर बरा दिसला, शेवटच्या टप्प्यावर गुंडाळावा लागला. डुकराच्या आतड्यात राहणाऱ्या कृमींची अंडी पाण्यातून प्यायला देण्याचाही प्रयोग झालाय, हसू नका, त्यामागे विचार होता की जिथे पोटात जंत कमी तिथे हे आजार जास्त, तर प्रतिकारशक्तीला जंतांच्या नादी लावावं. २००५ मध्ये ५४ कोलायटिसवाल्यांना दर दोन आठवड्यांनी २,५०० अंडी, आणि गुण येणारे ४३ टक्के, प्लासिबोत १७. मग क्रोन्ससाठी मोठी ट्रायल झाली, २०१३ मध्ये निकाल आला, काही उपयोग नाही. (अंडी पिणाऱ्यांची हिंमत मात्र मानली पाहिजे.)

प्रोबायोटिकचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. इथे एका जर्मन सैनिकाला मान द्यायला हवा. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये आजूबाजूचे सगळे जुलाबाने आडवे झालेले असताना एका सैनिकाला काहीच झालं नाही, म्हणून आल्फ्रेड निसले या डॉक्टरने त्याच्या शौचातून ई. कोलाय या जिवाणूचा एक वाण वेगळा काढला. त्याला आजही ई. कोलाय निसले १९१७ म्हणतात, आणि २००४ मध्ये ३२७ कोलायटिसवाल्यांच्या अभ्यासात शांत आजार शांत ठेवायला तो मेसालामिनच्या तोडीचा ठरला. हा एक विशिष्ट वाण, विशिष्ट डोस, विशिष्ट काम. बाटलीवर कोट्यवधी जिवंत जिवाणू लिहिलं म्हणून ते इथे चालतीलच असं नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर जिवंत जिवाणू विचारल्याशिवाय घेऊच नयेत. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगून टाकलं की कोलायटिस आणि क्रोन्समध्ये प्रोबायोटिक ट्रायलपुरतीच ठेवा. मोठं आतडं काढून लहान आतड्याचीच पिशवी, म्हणजे पाउच, केलेल्यांना कधी कधी त्या पाउचला सूज येते, तिथे आठ वाणांच्या एका मिश्रणाला त्यांनी जागा ठेवली, तेवढाच अपवाद.

वाटणं आणि आतलं चित्र यातली दरी सगळ्यात स्वच्छ दिसते ती गांजाच्या अभ्यासात. इस्रायलमध्ये २०१३ मध्ये क्रोन्सच्या २१ पेशंटवर केला, आठ आठवडे. गांजा ओढणाऱ्या ११ पैकी १० जणांना लक्षणांत चांगला आराम, भूक सुधारली, झोप सुधारली. आणि रक्तातला सुजेचा आकडा, सीआरपी? जागच्या जागी. म्हणजे दुखणं कळेनासं झालं आणि आत जे चाललं होतं ते चालूच. जिथे कायदा परवानगी देतो तिथे दुखण्यासाठी म्हणून कुणी घेत असेल तर समजू शकते मी, पण आजार आटोक्यात आला असं त्याला वाटणं, ते फार धोक्याचं.

याच कारणाने योग, ध्यान, श्वसन, संमोहन यांच्याबद्दल माझं मत अगदी वेगळं आहे. हे उपाय आतड्याचे व्रण भरून काढतो म्हणाले तर मी नाही मानणार, पण ते जे खरंच करतात ते काही थोडं नाही. या आजाराने सूज येते तशी भीतीही येते. बाहेर पडायच्या आधी संडास कुठे आहे हे बघायचं, रांगेत उभं राहायचं नाही, लांबचा प्रवास टाळायचा, आणि आजार शांत असला तरी ही सवय जात नाही. जर्मनीत ७७ कोलायटिसवाल्यांवर अभ्यास झाला, आजार शांत पण जगणं अवघड झालेले लोक, त्यांना आठवड्यातून एकदा ९० मिनिटं असा बारा आठवडे योगवर्ग. नुसती पुस्तकी माहिती दिलेल्या गटापेक्षा त्यांचं रोजचं जगणं सुधारलं. संमोहनाचा एक अभ्यास तर याहून पुढे जातो, अमेरिकेत ५४ पेशंट, वर्षभर रेमिशन टिकलेले संमोहन गटात ६८ टक्के आणि दुसऱ्या गटात ४०. लहान आहे, कंसातच ठेवते, पण कंसात ठेवूनही आवडतो. मी स्वतः श्वसन आणि थोडी आसनं करते, कॅलप्रोटेक्टिनमध्ये त्याचा काही पुरावा नाही आणि मी तो शोधतही नाही. पोटात नुसतं गुडगुडलं तरी पूर्वी घाम फुटायचा, आता आधी लांब श्वास घेते आणि मग ठरवते, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

आता एक ऐकलेलं. कोलोनोस्कोपीला बाहेर बसले होते तेव्हा शेजारच्या काकूंशी बोलणं निघालं. म्हणाल्या, "मी तर गोळ्या बंदच केल्या गं, एक काढा सुरू केलाय, चार महिने झाले, काही त्रास नाही." मी विचारलं, "काकू, डॉक्टरांना सांगितलंत का?" तर हसल्या. "छे गं, ओरडतील ना. तू पण सांगू नकोस हो."

मला त्या काकूंची काळजी वाटते ती काढ्यामुळे नाही. मेसालामिन सोडल्यावर आजार दुसऱ्या दिवशी येत नाही, महिने जातात, आणि ते मधले शांत महिनेच काढ्याच्या खात्यावर जमा होतात. २००३ मध्ये एक अभ्यास झाला होता, रेमिशनमध्ये असलेले लोक गोळ्या नीट घेतात का बघितलं, तर हयगय करणाऱ्यांना आजार उलटायचा धोका पाचपटीहून जास्त निघाला. आणि ओरडतील म्हणून न सांगणं, ही तर फक्त काकूंची गोष्ट नाही, पर्यायी उपाय करणारे बरेच जण डॉक्टरांपासून लपवतात. यात डॉक्टरांचाही दोष आहे हं. पाच मिनिटांत तपासून मान न वर करता हे सगळं थोतांड आहे म्हणणाऱ्याला कोण सांगायला जाईल? पर्यायी उपचारवाला तासभर बसून ऐकतो, झोप विचारतो, मन विचारतो. माणूस त्या तासासाठी परत परत जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण सांगायला हवंच, कारण गोष्टी एकमेकींत अडकतात. उदासीसाठी घेतात ती सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी पाडते, आणि सायक्लोस्पोरिन देतात ते गंभीर कोलायटिसमध्ये आतडं वाचवायला. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आयुर्वेद वाईट असं याचं भाषांतर करू नका, पण डबीत काय आहे ते लेबलवर असतंच असं नाही. इसबगोल तर किती साधा, १९९९ मध्ये स्पेनमध्ये कोलायटिस शांत ठेवायला तो वर्षभराच्या ट्रायलमध्ये मेसालामिनच्या जवळपास टिकला, पण तोच इसबगोल आतडं अरुंद झालेल्या क्रोन्सवाल्याने मनाने घेतला तर आत अडकून बसू शकतो.

स्टिरॉइड्सना शिव्या देणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगते. १९५५ मध्ये ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी २१० कोलायटिसवाल्यांवर कॉर्टिसोन या स्टिरॉइडची ट्रायल छापली, रेमिशन ४१ टक्के, प्लासिबोत १६. त्याआधी गंभीर फ्लेअर म्हणजे जिवाशी खेळ होता. चेहरा फुगतो, झोप उडते, भूक खवळते, चिडचिड होते, सगळं भोगलंय, तरी दिवसात सहा किंवा त्याहून जास्त रक्ताच्या जुलाबांसोबत ताप असेल किंवा नाडी ९० च्या वर गेली असेल तर रस पिण्याची वेळ नाही, हॉस्पिटलची आहे. हा निकषही त्याच दोघांचा, अजून वापरतात.

आणि आजाराला साधारण आठ वर्षं झाली की कोलायटिस मोठ्या आतड्यात बराच पसरलेला असलेल्यांना कॅन्सरच्या तपासणीसाठी ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी सांगतात, पोट कितीही गुणी बाळासारखं वागत असलं तरी. माझीही सुरू झालीय. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट पाणी लिटरने प्यावं लागतं आणि त्याला अजून कुठल्याही पॅथीने पर्याय काढलेला नाही. फ्रिजमध्ये गार करून, स्ट्रॉने, जिभेच्या मागच्या बाजूला ओढत प्यायलं तर निदान उमासे कमी येतात.